हळदीचा टोप आणि काजळीचं रसायन

ठाण्यातल्या कोलशेतला आता जिकडे बघावं तिकडे टॉवर. रसायनांचा कारखाना होता तिथेही गृहसंकुल उभं राहिलं. पण गावठाणात आगरी-कोळ्यांच्या घरी हळद असली, की मांडवामागे विटांची चूल मांडून मटणाचा मोठा टोप चढवणारे अजून आहेत. लाकडावर टोप चढवण्याआधी जाणती बाई एक काम आठवणीने करते. ओल्या मातीत राख कालवून टोपाच्या बुडाला आणि बाहेरच्या अंगाला पातळ लेप देते. दुसऱ्या दिवशी पाणी मारलं की लेपाबरोबर काळं निघून जातं. ज्यांनी आळस केला, त्यांची सकाळ काथ्या आणि टोप यांच्यात जाते.

लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबराची वाफ बाहेर पडते. ज्वाळा असते ती याच वायूंची. हवा पुरेशी मिळाली नाही, तर कार्बनचे अतिसूक्ष्म कण न जळताच उरतात. ज्योत पिवळी दिसते ती हे कण तापून उजळतात म्हणून. मायकेल फॅरडेने 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती लावून हेच उलगडून दाखवलं होतं. मोकळ्या ज्योतीत यातले बरेच कण टोकाशी पोहोचेपर्यंत जळून जातात. मध्ये टोप आडवा आला की गोष्ट बदलते. आत रस्सा उकळत असल्यामुळे बूड शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि ज्वाळेच्या मानाने ते गारच. कण तिथे विझतात आणि बसतात. सरपण ओलं असेल तर डांबराची वाफही तिथेच थिजते. काजळीला आयता गोंद मिळतो. सुक्या लाकडाची काजळी बोटाला भुकटीसारखी लागते, ओल्याची चिकट आणि चकचकीत असते. दुसरीला नख लावून पाहा, निघत नाही.

कार्बन पाण्यात विरघळत नाही, साबणात नाही, लिंबातही नाही. काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्या शतकानुशतकं टिकल्या त्या याच गुणावर. साबण फार तर डांबर सैल करतो, पुढचं सगळं मनगटाचं काम. मातीचा लेप काजळीला धातूपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून तो कुठल्याही पावडरीपेक्षा सरस.

काळ्या बुडाची तक्रार परदेशातही आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, आणि परसात गॅसच्या शेगडीवर वीसेक लिटरचं भांडं उकळणारे हौशी तयार झाले. भांड्याचं बूड तिथेही काळं होतंच. उघड्यावर शेकोटी करणारे तिकडचे लोक बुडाला आधी साबण चोपडतात. युक्ती तीच, फक्त मातीच्या जागी साबण.

बुडाची काजळी मुळात काढायलाच हवी का? पातळ काळा थर निखाऱ्यांची धग चकचकीत स्टीलपेक्षा चांगली शोषतो. अंघोळीच्या पाण्याच्या हंड्याचं बूड न घासणाऱ्या आजीचं म्हणूनच फारसं चुकत नव्हतं. थर जाड झाला, की मात्र तो उष्णता अडवतो.

प्रत्येक डाग काजळीचा नसतो. आतला पांढरा, खरखरीत थर जड पाण्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातला की बुडबुडे सोडत विरघळतो. स्टीलवर उमटणारी निळी-जांभळी झाक म्हणजे मळ नव्हे. उष्णतेने स्टीलवरचा ऑक्साइडचा पापुद्रा जाड होतो आणि त्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग दिसतात. तीही लिंबाने जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाला मात्र धुण्याचा सोडा लावू नका. त्याने धातूच खाल्ला जातो आणि टोप काळवंडतो.

घरच्या गॅसवर भांडं काळं होऊ लागलं, तर घासणी बाजूला ठेवा आणि ज्योत बघा. ती निळी हवी. पिवळी असेल तर बर्नरची भोकं बुजलीत किंवा हवा कमी पडतेय. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइडही जास्त निघतो, आणि त्याला रंग नसतो की वास. बर्नर साफ करून घ्या, आणि तोवर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.