तालमीतील मेहनतीचा हिशेब

कोल्हापूरच्या तालमीत दाखल झालेल्या मुलाने मेहनत कोणती करावी, हा प्रश्न पूर्वी कोणाला पडत नसे. वस्ताद सांगतील तेवढे जोर, तेवढ्या बैठका. बाकी सारे लाल मातीवर सोडायचे. ही रीत अडाणी होती असे मानण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानावर प्रेक्षकांना निकाली कुस्ती हवी असे, मग ती कितीही लांबो. त्या लढतीला हजार बैठकांचा दम उपयोगी पडे. याच मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले.

मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. मध्ये अवघी तीस सेकंदांची उसंत. दहा गुणांची आघाडी मिळाली, तर निकाल त्याआधीच. येथे हवी ती क्षणात उसळणारी ताकद, आणि सहाव्या मिनिटालाही ती पुन्हा उसळविण्याची कुवत. बैठका पाचशेवरून हजारावर नेल्याने चिकाटी वाढते. उसळी त्या प्रमाणात वाढत नाही. तिच्यासाठी जड वजन, थोडी आवर्तने आणि मधूनमधून भरपूर विश्रांती लागते. जुन्या तालमीच्या नजरेला ही विश्रांती आळस वाटते. खरी अडचण तेथेच आहे.

म्हणून शहरातील व्यायामशाळेचा तक्ता आणून तालमीच्या भिंतीवर चिकटवावा, असे मात्र नव्हे. त्यातील बराचसा व्यायाम आरशासाठी असतो. दोरावर चढणे, मल्लखांब, फावड्याने हौद खणणे यांतून पकड आणि पाठ जशी तयार होते, तशी ती दंड फुगविण्याने होत नाही. हे टाकून देणे करंटेपणाचे ठरेल. सकाळच्या मेहनतीने संध्याकाळच्या लढतीत मल्ल मंदावत असेल, तर ती मेहनत कागदावर कितीही देखणी असो, त्या मल्लाची नव्हे. बारा वर्षांच्या पोराला पंचविशीतल्या मल्लाचा आकडा देणे तर त्याच्या गुडघ्यांशी वैरच.

वजनाचेही तसेच. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजन लढतीच्याच सकाळी होते. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगट तीन लढती जिंकून अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी अवघे शंभर ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. शेवटच्या रात्री घाम गाळून वजन उतरविण्यापेक्षा, कोणत्या गटात लढायचे हे काही महिने आधी ठरवून मेहनत व आहार त्याभोवती बसविणे शहाणपणाचे.

शेतकरी बाप दूध-बदामांचा खुराक उसनवारी करूनही पुरवितो. त्याच्या मुलाचे रोजचे वजन, झोप, उचललेला भार आणि दुखरा सांधा यांची नोंद ठेवायला एक चाळीस पानी वही पुरते. ती वही किती तालमींत सापडेल?