पाण्यात उतरताना पायात काय?

उजनीच्या फुगवट्यावर किंवा भीमेच्या पात्रात गळ टाकायला उतरणाऱ्याला गमबूट सुरक्षित वाटतो. पण वरून पाणी शिरले की तोच पाय जड करतो आणि गाळात रुतून बसतो. चप्पल तर चिखल पहिल्याच पावलाला ओढून घेतो. बरेच मच्छीमार अनवाणीच उतरतात, मग बुटांचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांचा पाय तळ ओळखतो, हे खरे. मात्र गाळाखालचा बाभळीचा काटा किंवा बाटलीची काच सरावाला दाद देत नाही. म्हणून लेसचे जुने कॅनव्हास बूट बरे: पाणी शिरते तसे निथळते, टाच सुटत नाही. शेवाळलेल्या काळ्या दगडावर मात्र रबरी तळही घसरतो. तिथे हातात काठी हवीच.