रोजगाराधिष्ठित आप्रवासी व्हिसा
नोकरी वा व्यवसायासाठी येणाऱ्या परकीयांना कायमच्या वास्तव्याकरिता राज्यसंस्थेने दिलेली अनुमती. मागणी उपलब्ध संख्येहून अधिक असली, की वाटपातील न्यायाचा प्रश्न उद्‌भवतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विशेष तीव्र झाला आहे.

तेथील १९२४ च्या कायद्याने राष्ट्रमूलानुसार कोटे ठरविले. त्यांत वायव्य यूरोपला झुकते माप होते, तर आशियातील बहुतेकांना मज्जाव होता. १९६५ च्या कायद्याने हे कोटे रद्द करून पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशास वार्षिक २०,००० ही समान मर्यादा घातली. पक्षपात घालविण्यासाठी आणलेली ही समताच पुढे वादाचे मूळ ठरली. १९९० च्या कायद्यानुसार रोजगारासाठी वर्षाला किमान १,४०,००० व्हिसा असून एका देशाच्या वाट्यास साधारणतः सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. अर्जदाराचा पती वा पत्नी आणि मुलेही याच संख्येत मोजली जातात. भारत व आइसलँड यांची मर्यादा एकच. इतरांच्या मागणीनंतर उरलेले व्हिसाच तेवढे मर्यादेबाहेर देता येतात.

देश ठरतो तो जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. नाशिकला जन्मून बालपणीच कॅनडात गेलेला व तेथील नागरिक झालेला अभियंता भारताच्याच रांगेत राहतो. मात्र पत्नी टोराँटोत जन्मलेली असल्यास तिच्या देशाच्या खात्यावर त्याची गणना होऊ शकते. योग्यतेशी याचा संबंध नाही. रांगेतील क्रम अर्जाच्या अग्रक्रम-दिनांकावरून लागतो. कोणत्या दिनांकापर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली, हे परराष्ट्र खाते दरमहा जाहीर करते. प्रसंगी ही रेषा मागेही सरते. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीतील भारतीयांना दशकाहून अधिक काळ तिष्ठावे लागले आहे. या काळात नोकरी बदलणे अवघड असते आणि एकविसावे वर्ष ओलांडलेली मुले बहुधा पालकांच्या अर्जातून वगळली जातात.

मर्यादा काढल्यास काही वर्षे बहुतेक व्हिसा भारतीय व चिनी अर्जदारांकडे जातील आणि इतर देशांतील परिचारिका व तंत्रज्ञ खोळंबतील, हा आक्षेप पोकळ नाही. एकूण संख्या तीच ठेवल्यास प्रतीक्षा संपत नाही, ती दुसऱ्याच्या वाट्यास जाते. तथापि तिचा भार जन्मभूमीवरून ठरविण्याचे समर्थन त्यामुळे होत नाही. मर्यादा काढण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सीनेटने २०२० मध्ये वेगळा मसुदा संमत केला; दोहोंचा मेळ न बसल्याने कायदा झाला नाही. महासाथीमुळे कौटुंबिक वर्गात शिल्लक राहिलेले व्हिसा २०२१ च्या वित्तीय वर्षात रोजगाराकडे आले व संख्या सु. २,६२,००० झाली, परंतु ३० सप्टेंबरपर्यंत कार्यालयीन काम न उरकल्याने त्यांतील हजारो व्हिसा रद्दबातल झाले.