पूर लिहून ठेवणारा दगड

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही गाठा आणि एवढंच विचारा, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, हे विचारताय, ते समोरच्याला कळतं; पुढचं काही बोलावं लागत नाही. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे शाळेतली पोरंसुद्धा धडाधडा सांगतात. कुणाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ती रेघही बोट लावून दाखवतात.

आता गंमत ऐका. अशीच पुराची रेघ ओढून ठेवणारा एक प्राणी आहे. त्याला हात नाहीत, डोळे नाहीत, मेंदूही नाही. नदीकाठी तो राहतच नाही, राहतो समुद्रात. तेही एकदा जिथे बसला तिथेच, जन्मभर! त्याचं नाव प्रवाळ. मोठ्या माणसांच्या अंगठीत लाल पोवळं असतं ना, तेही याच्याच नातलगाचं.

प्रवाळ म्हटलं की पुस्तकात हमखास ऑस्ट्रेलियाचा फोटो असतो. तिथे केर्न्स नावाचं शहर आहे. पाठीमागे डोंगरावर घनदाट वर्षावन आणि समोर समुद्रात २३०० किलोमीटर लांब पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ. दोन्ही जागतिक वारसा: रीफ १९८१ पासून, वन १९८८ पासून. लोक सकाळी जंगल बघतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात बुड्या मारतात.

पण सातारा-सांगलीच्या मुलांनो, विमानाचं तिकीट काढण्याआधी जरा नकाशा उघडा. वर्षावन तुमच्याच जिल्ह्यात आहे. पाटण तालुक्यातलं कोयनेचं खोरं आणि शिराळा तालुक्याच्या टोकाचं चांदोली. ही दोन जंगलं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं युनेस्कोच्या यादीत गेली, त्यांत कोयना, चांदोली आणि आपलं कासचं पठार आहे. प्रवाळ बघायला मात्र घाट उतरावा लागतो. गगनबावड्याहून खाली कोकणात उतरायचं आणि थेट मालवण गाठायचं. केर्न्सइतकं हे दोन्ही हाताशी नाही हे खरं, पण शाळेच्या एका सहलीत बसतं.

निघण्याआधी जंगलातच थोडं थांबू या.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-जतच्या मुलाला सांगितलं, की तुझ्याच जिल्ह्यात एक असं रान आहे जिथे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तर तो हसेल. साताऱ्याचंही तेच. माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर-नवजाला पाच हजारांच्या वर! हा पाऊस पडल्या जागीच साठून राहिला, तर पाणी सोळा फुटांवर जाईल. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि सगळं पाणी तिथेच ओततात. पलीकडे माणदेशात पोचेपर्यंत त्यांच्याकडे फारसं उरतच नाही.

या पावसात अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित झाडं दाटीनं उभी असतात. फार उंच नाहीत, वाऱ्यामुळे जरा बुटकीच, पण शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले, की शेकरू जमिनीवर न उतरता लांबवर जाऊ शकते. मुसळधार थेंब आधी पानांवर आपटतो, तिथे त्याचं बळ जातं. मग तो फांदीवरून, खोडावरून ओघळत खाली पाचोळ्यात मुरतो. माती जागेवर राहते आणि ओढ्याला येतं ते बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक छोटा भेक राहतो. भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूकच. कोयनेचा हा भेक तुमच्या तळहाताच्या मधोमध मावेल एवढासा, आणि त्याच्या कुशीवर पिवळेधमक डाग. १९६३ साली शास्त्रज्ञांनी त्याची पहिल्यांदा नोंद केली ती कोयनानगरजवळच्या हुंबरळीच्या परिसरात. उत्तर पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही हा सापडत नाही. अंडी घालायला त्याला नदी नको, तळं नको. सड्यावरच्या खडकाच्या खोलगट जागेत पावसाचं चार बोटं पाणी साठलं, की त्याचं भागतं. तेवढ्यात पावसानं दडी मारली तर मात्र पंचाईत! पाऊस थांबू नये असं मनापासून वाटणारा जिल्ह्यात बहुधा हा एकटाच.

आता पाण्याच्या मागे चला. चांदोलीचं पाणी वारणेतून येतं आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळतं. कोयनेचं पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत जातं, मग सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण कोयनेच्या सगळ्या पाण्याचं असं होत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडतात. तिथे ते खूप उंचावरून कोसळतं, टर्बाइन फिरवतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. शेजारीशेजारी पडलेले दोन थेंब, एक देशाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. डोंगर फोडून नदीला उलट दिशेला पाठवणारी माणसं मला कुठल्याही जादूगारापेक्षा भारी वाटतात.

असो. मालवण आलं.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला. त्याची उभारणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केली. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांतल्या बहुतेकांचं लक्ष तटाकडे असतं. खाली पाण्यात काय आहे ते थोड्यांनाच ठाऊक. किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचं पाणी मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, ते याच खालच्या दुनियेसाठी.

डोळ्यांवर मुखवटा चढवायचा, तोंडात नळी धरायची, कंबरेला टायर किंवा अंगात लाइफ जॅकेट आणि शेजारी शिकवणारा दादा. नाकानं श्वास घ्यायचा नाही, हे एवढंच जमायला वेळ लागतो. मग तोंड पाण्यात घालून खाली बघायचं. पहिल्यांदा नुसते खडक दिसतात, तपकिरी, हिरवट, गोलसर. निराश होऊ नका, त्यातल्या एकावर नजर रोखा. त्याच्या अंगावर नखाएवढे खण दिसतील, पाच-सहा कोनांचे, भिंतीला भिंत लागून. प्रत्येक खणात एक जीव राहतो. मऊ, पिशवीसारखा, वर एकच तोंड आणि भोवती बारीक बाहू. दिवसा बहुतेक जण बाहू आत ओढून बसतात आणि रात्री बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. या जिवाच्या अंगात त्याहून बारीक शैवाल भाड्यानं राहतं. भाडं म्हणून ते उन्हात साखर तयार करून मालकाला देतं. प्रवाळाला तपकिरी-हिरवट रंगही या शैवालामुळेच येतो. मालक चुनखडीचं घर बांधत बसतो, जुन्या मजल्यावर नवा मजला. गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढा गोळा दिसला, तर तो तुमच्या वडिलांच्या वयाचा असायला हरकत नाही.

आता खरा पेच बघा. शैवालाला ऊन हवं, म्हणून पाणी नितळ हवं. प्रवाळाला समुद्राचा खारेपणा हवा. आणि वर्षावन कशावर जगतं? धो धो पावसावर! तो पाऊस नद्यांतून गोडं पाणी आणि गाळ घेऊन समुद्रात येतो. मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला गड नदीची खाडी आहे. जूनपासून पाणी असं गढूळ होतं, की हातभर खालचं दिसत नाही. मग जंगलाला जे अमृत, तेच प्रवाळाला विष, आणि तरी दोघं शेजारी कसे?

केर्न्सला गेलेले पाहुणेही याच ठिकाणी फसतात. शहरासमोर सोनेरी वाळू असेल असं त्यांना वाटतं, आणि ओहोटीला बघावं तर नुसता चिखल! पोहायला म्हणून शहरानं २००३ साली किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याचा मोठा तलावच बांधला. रीफचा सुंदर भाग बघायला बोटीनं दूर समुद्रात जावं लागतं, नद्यांचा गाळ जिथे सहसा पोचत नाही तिथे.

आपल्याकडेही तसंच. विजयदुर्गपासून समुद्रात साधारण शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं नाव त्याला मिळालंय. त्याचा माथाच पाण्याखाली वीस मीटरवर. किनाऱ्यापासून इतकं लांब, की पाणी बारा महिने स्वच्छ, म्हणून तिथे प्रवाळांची चंगळ. मालवणला मात्र काठावरच्या गढूळ पाण्यात तग धरणारे चिवट प्रवाळच टिकलेत, गोल गोळ्यांचे आणि खडकाला चिकटून पसरणारे. नाजूक फांद्यांची नक्षी शोधायला जाल तर हिरमुसाल. मला विचाराल, तर मला हे मालवणचे हट्टी गोळेच जास्त आवडतात. चार महिने डोळ्यांत गाळ जाऊनही पुन्हा दिवाळीनंतर कामाला लागायचं, हे सोपं नाही. (डोळे नसतात त्यांना, माहीत आहे!)

आणि डोंगरावरची ती पानं, तो पाचोळा आठवला का? वर जंगल शाबूत असेल तर नदीत माती कमी उतरते. डोंगर उघडा पडला की प्रत्येक पावसात गाळ थेट खाडीत. म्हणजे वर्षावन पावसावर जगतं तर खरंच, पण त्याच्या पाण्यातली माती गाळूनही ठेवतं.

राहिली पुराची रेघ. ऑस्ट्रेलियात पीटर इस्डेल नावाच्या शास्त्रज्ञानं मोठ्या प्रवाळांच्या गोळ्यांतून लांब कांड्या काढल्या, त्यांच्या पातळ चकत्या केल्या आणि अंधारात त्यांच्यावर अतिनील दिवा धरला, बँकेत नोटा तपासायला असतो तसला. चकतीत ठळक चमकणारे पट्टे दिसले! त्यानं ते तिथल्या बर्डेकिन नदीच्या पुरांच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिले. ज्या वर्षी मोठा पूर, त्या वर्षी पट्टा लखलखीत. १९८४ साली त्यानं हे जगाला सांगितलं. पुराच्या पाण्याबरोबर आलेल्या कुजलेल्या पानांतल्या द्रव्यांमुळे हे चमकतं, असं तो म्हणाला. पुढे इतरांनी सांगितलं, की पाणी गोडं झाल्यामुळे प्रवाळाची बांधणीच बदलते आणि म्हणून चमक येते. वाद चमकण्याच्या कारणाचा आहे; पूर आला की पट्टा उमटतो, हे दोघांनाही मान्य. पुढे अशाच कांड्या वाचून शास्त्रज्ञ त्या नदीच्या पुरांच्या इतिहासात थेट सतराव्या शतकापर्यंत मागे गेले. तेव्हा तिथे नदीची पातळी लिहून ठेवणारं सरकारी दप्तर नव्हतं. प्रवाळ होते.

एक वाईट गोष्टही सांगायला हवी. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या भाडेकरू शैवालाला घराबाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. २०१५-१६ मध्ये मालवणलाही असं झालं. ताप लवकर उतरला तर शैवाल परत येतं, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो.

जायचं तर डिसेंबर ते मार्च बरा. पाण्यात प्रवाळावर पाय टेकवू नका, तुटलेला तुकडा दिसला तरी खिशात घालू नका. कायद्यानंही ते चालत नाही. आणि होडी चालवणाऱ्या काकांना दोन प्रश्न जरूर विचारा: यंदा पाणी कधी निवळलं, आणि त्यांच्या लहानपणी कधी निवळायचं? उत्तरं वहीत तारखेसकट लिहून घ्या.