दोन टोचण्यांमधील काळ

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून सिद्ध करण्यात आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, तरी तेथील माणसाची मोठ्या दवाखान्याची वाट अजूनही बहुधा गोंदिया आणि नागपूर याच दिशेने जाते. याच जिल्ह्यातील मलाजखंड हे हिंदुस्तान कॉपर लिमिटेडच्या तांब्याच्या खाणीमुळे सर्वतोमुखी झालेले गाव. १९८२ साली ती खाण राष्ट्राला अर्पण झाल्यापासून डोंगर पोखरून झालेला तो प्रचंड खड्डा आणि त्याच्या आश्रयाने उभी राहिलेली नोकरवर्गाची वसाहत एवढीच त्या गावाची ओळख बाहेरच्यांना असते. परंतु खाणीच्या कुंपणापलीकडे बैहर आणि बिरसा या तहसिलींच्या अरण्यात बैगा लोकांची वस्ती खाणीच्या फार पूर्वीपासून आहे, आणि सुईने त्वचा टोचण्याची विद्या त्या मुलखाला आजची नव्हे.

बैगा स्त्रीच्या कपाळावर ती लहान मुलगी असतानाच गोंदण उमटते; पाठ, हात, पाय यांची पाळी पुढे वयोमानाने येते. गोंदणारी स्त्री जुडीने बांधलेल्या सुया काजळीत बुडवून कातडीत उतरवते, आणि पावसाळ्यात जखमा चिघळतात म्हणून ते दिवस टाळण्याचा शिरस्ता आहे. एकाच बैठकीत सर्व देह गोंदून घ्यावा, असे कोणाच्या मनात येत नाही. गोंदणाच्या या सावकाश क्रमाचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण शहरांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या चिकित्सालयांत ‘मायक्रोनीडलिंग’ या नावाने सुयांनी त्वचा टोचण्याचा जो उपचार होतो, आणि जो किती दिवसांच्या अंतराने करून घ्यावा हे आज अनेक तरुण स्त्रीपुरुष विचारीत असतात, त्याचा एक उगम गोंदणातच आहे.

१९९७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद कामिरां आणि त्यांच्या सहकारी दुसे यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्यावर राहिलेले पांढुरके व्रण झाकण्यासाठी त्यांनी त्यांवर त्वचेच्या वर्णाचा रंग गोंदला होता. काही काळाने तो रंग फिका पडला, पण व्रण मात्र पूर्वीपेक्षा सपाट व मऊ झालेले आढळले. तेव्हा गुण रंगाचा नसून सुईचाच असावा, असा तर्क करून त्यांनी पुढे रंगावाचूनच गोंदणयंत्र फिरवून पाहिले. सुमारे त्याच काळात दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचे डेझमंड फर्नांडिस यांनी अनेक सुया बसवलेल्या फिरत्या रुळाची कल्पना पुढे नेली. आज ‘डर्मारोलर’ म्हणून बाजारात मिळणारी वस्तू त्याच कल्पनेची संतती होय; यंत्राने वरखाली होणारे ‘डर्मापेन’ हे तिचे धाकटे भावंड.

सुई त्वचेला काहीही देत नाही, फक्त सूक्ष्म जखम करते. पुढचे सर्व काम शरीर स्वतःच्या हिशेबाने आणि स्वतःच्या वेळापत्रकानुसार करते. सुई बाह्यत्वचेतून आंतरत्वचेत उतरली की रक्ताचे बारीक थेंब येतात आणि त्यांतील बिंबिकांपासून वृद्धिद्रव्ये स्रवू लागतात. पहिले दोनतीन दिवस लाली आणि किंचित सूज असते. त्यानंतरच्या आठवड्यांत तंतुपेशी नवे कोलॅजेन विणू लागतात, पण ते आरंभी कच्च्या जातीचे असते. त्याची जागा पक्के, बळकट कोलॅजेन घेते त्याला महिने लागतात, आणि फेररचना वर्षभरही चालू राहू शकते. वरवरची छिद्रे थोड्याच अवधीत मिटतात. म्हणूनच, चौथ्या दिवशी आरशात पाहून ‘आता सर्व भरून आले, पुन्हा करून घेऊ’ असे म्हणणारा मनुष्य फसतो, कारण जे भरून आले ते केवळ छप्पर असते.

हे ध्यानात घेतले की मुदतीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. मुरुमांच्या खळग्यांसाठी दीड मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोल सुई वापरली, तर दोन खेपांमध्ये निदान चार आठवडे, आणि आपल्याकडच्या वर्णाच्या त्वचेसाठी सहा ते आठ आठवडे, जाऊ द्यावेत. अशा तीन-चार खेपा सामान्यतः लागतात, क्वचित सहा. बंगळूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी २००९ साली या उपचाराचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यातही सहा ते आठ आठवड्यांचेच अंतर सांगितलेले आहे. त्याच वर्षी श्रीनगरहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार पूर्ण करणाऱ्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांच्या व्रणांची तीव्रता एक किंवा दोन श्रेणींनी उतरल्याची नोंद आहे. बारीक सुरकुत्या किंवा निस्तेजपणा यांसाठी सुई उथळ असते आणि अंतर चार आठवड्यांवर आणता येते. त्याहून कमी करण्यात लाभ कोणता, हे मला कोणी पटवून दिलेले नाही. अर्धवट भरलेल्या जखमेवर पुन्हा सुई चालवली की दाह रेंगाळतो, आणि सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत रेंगाळणारा दाह म्हणजे काळे डाग. खळगे घालवायला गेलेला मनुष्य डाग घेऊन परततो.

या नियमाला एक अपवाद मात्र आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच पुढे आलेला आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयातील डॉ. रचिता धुरत आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला केवळ मिनॉक्सिडिल हे केसवाढीसाठी डोक्याला लावावयाचे औषध, दुसऱ्याला मिनॉक्सिडिलसह दर आठवड्याला डर्मारोलर, अशी बारा आठवड्यांची तजवीज होती. ठरवून दिलेल्या जागेतील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात २२ च्या आसपास, तर दुसऱ्यात ९१ च्या आसपास भरली. प्रयोग लहान होता आणि तो प्राथमिक असल्याचे त्याच्या कर्त्यांनीच म्हटले आहे, तथापि जगभर त्याचा दाखला दिला जातो. येथे दर आठवड्याची सुई चालते, कारण हेतू वेगळा असतो: व्रणाची घडण बदलावयाची नसून केसांच्या मुळांना वारंवार चेतवावयाचे असते. ज्या दिवशी सुई चालवली त्या दिवशी औषध लावावयाचे नाही, अशीही त्यात अट होती. हा डोक्याचा शिरस्ता गालावर आणण्याची चूक मात्र सर्रास होते. ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच शब्द कोठून तरी ऐकलेले असतात, आणि ते कशासाठी होते हे कोणी विचारीत नाही.

मलाजखंडसारख्या ठिकाणी या चुकीला एक निराळे निमंत्रण असते. तज्ज्ञ दूर, बालाघाट गाठावयाचे तर बैहरवरून घाट उतरून जवळजवळ दिवस मोडतो, आणि गोंदिया-नागपूर त्याहून पुढे. उलट रोलर मात्र काहीशे रुपयांत टपालाने घरपोच येतो. घरगुती रोलरच्या सुया पाव मिलिमीटरच्या आसपास असतील तर त्या आंतरत्वचेपर्यंत जवळजवळ पोहोचत नाहीत. त्यांच्याकडून खळगे बुजण्याची अपेक्षा करू नये, आणि फारशी हानीही, सुया तीक्ष्ण व निर्जंतुक असतील तर, होत नाही. परंतु दीड मिलिमीटरचा रोलर न्हाणीघरात फिरवणे, तोच बहिणीला देणे आणि महिनोन्‌महिने वापरणे, ही घरबसल्या केलेली शस्त्रक्रियाच होय. रक्ताचा संबंध आला की सुई एकाची दुसऱ्याला चालत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्क शहरातील परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहात, स्वतःचेच रक्तद्रव्य सुयांनी चेहऱ्यात उतरवण्याचा उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ साली नमूद केले. पार्लरमध्ये बसण्यापूर्वी सुयांचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगणे, हा उद्धटपणा नव्हे.

खरे पाहता हे अंतर मलाजखंडच्या माणसाला सोयीचेच आहे. सहा आठवड्यांतून एकदा नागपूर गाठणे अशक्य नाही, दर आठवड्याला ते परवडणारे नाही. ऋतूचा हिशेब घातला तर पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास पहिली खेप घ्यावी. मग दुसरी नोव्हेंबरच्या अखेरीस, तिसरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि चौथी फेब्रुवारीच्या मध्यानंतर येते, आणि वैशाखाचे ऊन सुरू होण्यापूर्वी त्वचेला सावरावयास अवधी मिळतो. खाणीवर उन्हाधुळीत उभे राहून काम करणाऱ्याने खेपेनंतरचे दोनतीन दिवस रजेचे धरावेत, आणि नंतरही काही आठवडे चेहरा झाकून, ऊनरोधक मलम लावून बाहेर पडावे. लग्नघरच्यांनी तर पंचांग उलटे वाचावे, कारण खरा गुण शेवटच्या खेपेनंतरही तीन-चार महिने वाढत असतो. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात टोचून घेणाऱ्या वधूच्या छायाचित्रांत लालीच उमटावयाची. ताजे पिकलेले मुरूम, ओठांवरील नागीण, चामखीळ, जखमेवर गाठी चढण्याची प्रकृती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असल्यास खेप पुढे ढकलणे किंवा तिचा नादच सोडणे हे तज्ज्ञाने ठरवावयाचे असते, म्हणून या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगाव्यात.

अरुंद आणि खोल, सुईच्या टोकाने भोसकल्यासारखे जे व्रण असतात, त्यांवर हा उपचार फारसा चालत नाही, आणि पसरट खळग्यांवर चांगला चालतो, हेही प्रारंभीच विचारून घ्यावे. पहिल्या खेपेपूर्वी एकाच खिडकीशी, एकाच वेळी, एकाच बाजूने छायाचित्रे काढून ठेवावीत. तिसऱ्या खेपेनंतर चौथीची वेळ येईपर्यंत थांबून तशीच पुन्हा काढावीत, आणि दोहोंत फरक दिसत नसेल तर चौथ्या खेपेचे पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला ती छायाचित्रे दाखवावीत.