शिक्षकांसाठी पॉडकास्ट : शोध आणि वर्गणी

बेंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या येलहंका परिसरात रेल व्हील फॅक्टरी, हवाई दलाचा तळ आणि केंद्रीय राखीव पोलीस दल या तिन्ही ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत. तेथील शिक्षकांची सेवा बदलीची असते. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या शिक्षकाला अध्यापन हिंदी-इंग्रजीतून करावे लागते, परिसराची भाषा कन्नड असते आणि जुने संदर्भग्रंथ गावी राहिलेले असतात. अशा शिक्षकाला विषयज्ञान अद्ययावत ठेवण्यासाठी पॉडकास्ट हे अल्पखर्ची साधन ठरू शकते.

आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आणि २००१ पासून सुरू झालेली ‘ज्ञानवाणी’ यांनी श्राव्य शिक्षणाचा पाया घातला; मात्र प्रसारणाची वेळ आणि शाळेची तासिका यांचा मेळ क्वचितच बसे. पॉडकास्टमध्ये ही अडचण उरत नाही. प्रत्येक मालिकेची एक फीड, म्हणजे यंत्राला वाचता येणारी यादी असते. तीत भागाचे शीर्षक, दिनांक आणि ध्वनिफितीचा पत्ता नोंदलेला असतो. मोबाइलमधील अ‍ॅप ही यादी ठरावीक अंतराने तपासते आणि नवा भाग आपणहून उतरवून घेते. यालाच ‘सबस्क्राइब’ करणे म्हणतात. मराठीत आपण त्यास वर्गणी म्हणतो आणि तेथेच गैरसमज होतो, कारण खुल्या फीडसाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. सेकंदाला ६४ किलोबिट दराने ध्वनिमुद्रित केलेला अर्ध्या तासाचा भाग सुमारे साडेचौदा मेगाबाइटचा होतो. तो शाळेच्या वायफायवर उतरवून बसप्रवासात ऐकता येतो.

खरा खर्च आहे तो शोधाचा. माहिती मिळविण्यालाही किंमत मोजावी लागते, हे जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्येच मांडले होते. अ‍ॅपमध्ये नुसते ‘शिक्षण’ असे शोधल्यास शिकवणी वर्गांच्या जाहिरातीच अधिक हाती लागतात. त्याऐवजी संस्थेपासून सुरुवात करावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये ‘शिक्षा वाणी’ सुरू केली. बेंगळुरूतच अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि बंगलोर इंटरनॅशनल सेंटर यांच्या ध्वनिमालिका आहेत. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला हिंदीतील ‘पुलियाबाजी’ उपयुक्त वाटेल. कन्नडची सवय व्हावी म्हणून ‘तले-हरटे’चे भाग ऐकावेत. (बदलीच्या गावाची भाषा कानावाटे लवकर येते.) निवड करताना वक्ता त्या विषयात काम करणारा आहे का, हे आधी पाहावे. पहिल्या दहा मिनिटांत मुद्दा आला नाही, तर पुढे ऐकण्याचे बंधन नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. गूगलचे पॉडकास्ट अ‍ॅप २०१८ मध्ये आले आणि २०२४ मध्ये बंद झाले. ज्यांनी मुदतीत आपली यादी बाहेर काढून घेतली, त्यांची निवड टिकली. इतरांना पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागला. काही व्यासपीठांवरील कार्यक्रमांना सार्वजनिक फीडच नसते, त्यामुळे ते दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेता येत नाहीत. म्हणून शक्यतो खुली फीड असलेली मालिका निवडावी. अँटेनापॉडसारख्या मोफत अ‍ॅपमधून वर्गणीची संपूर्ण यादी ‘ओपीएमएल’ फाइलच्या रूपात काढता येते. प्रत्येक सत्राच्या अखेरीस ती स्वतःला ईमेलने पाठवून ठेवावी. सहकाऱ्याला दिल्यास त्याच्या मोबाइलवर त्याच मालिका काही मिनिटांत सुरू होतात.