पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

आगरदांड्याच्या जेट्टीवरून गाड्या फेरीबोटीने खाडीपलीकडे दिघीला जातात. अशा वाटेवर गॅरेज टाकायचा विचार असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: गिऱ्हाईक पार्टचे नाही, खात्रीचे पैसे देतं.

उदाहरण घ्या. जुनी एमपीएफआय मारुती 800 येते. आयडलिंग वर-खाली, ॲक्सिलरेटर दाबला की झटके. पटकन म्हणावंसं वाटतं, "थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेला, नवीन टाका." थांबा! थ्रॉटल बॉडीत कचरा असला किंवा हवेचा पाइप फाटला, तरी हीच लक्षणं दिसतात.

आधी कनेक्टर काढून बघा. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. साफ करून परत लावा. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरला तीन वायरी: एकीवर साधारण 5 व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नल वायरीला मीटर लावा आणि पेडल हळूहळू दाबायला सांगा. आकडा साधारण अर्ध्या व्होल्टपासून चारच्या आसपास सलग चढला पाहिजे. मध्येच पडला, तर सेन्सर झिजलाय. 5 व्होल्टच येत नसतील, तर आधी वायरिंग तपासा. नवा सेन्सर टाकून उपयोग नाही.

आता धंद्याचं बोलू. तपासणीचा दर वेगळा ठेवा, काम धरण्याआधीच सांगा. मीटरवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवा. पिना साफ करून भागलं, तर तेवढेच पैसे घ्या. तो माणूस तुमचं नाव दिघीपर्यंत घेऊन जाईल.